राइफलच्या सदोष गोळ्यांची तक्रार करायची असेल तर: डबी फेकू नका

परवाना, पावती, कानाला मफ हे सातारा-सांगलीच्या नेमबाजांना सांगायला नको. चष्म्याचं मात्र सांगायलाच हवं. पॉइंट टू-टू (.२२) राइफलच्या गोळीची पुंगळी, म्हणजे पितळी नळकांडं, रिमजवळ (बुडाच्या कडेजवळ) फाटली की गरम वायू बोल्टकडून, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याकडून, मागे, थेट तोंडावर येतो. चष्मा नसेल तर पहिली गोळीसुद्धा भरू नका.

आता डबी. ५० गोळ्यांची डबी उघडली, गोळ्या भोकं पाडलेल्या ठोकळ्यात लावल्या आणि डबी रेंजच्या कचऱ्यात टाकली, असं सर्रास चालतं. ते आजच थांबवा. लॉट नंबर, म्हणजे एकाच घाण्यात बनलेल्या मालाचा क्रमांक, डबीवर छापलेला असतो, गोळीवर नसतो. गोळीच्या बुडावर फक्त कंपनीची खूण असते आणि तिच्यावरून माल कधीचा, कुठल्या घाण्यातला हे कळत नाही. कंपनीचं पहिलंच उत्तर येतं, ‘लॉट नंबर कळवा.’ तो नसेल तर फोटो, टार्गेट, कोचचं पत्र, सगळं वाया. म्हणून दुकानातच डबी फिरवून नंबर वाचा आणि विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. तो कंटाळा करेल, तरी लिहून घ्या. ५०० चा खोका एकत्र घेतला तरी आतली प्रत्येक डबी बघा. सुट्या डब्यांत तर दोन-तीन लॉट मिसळलेले असू शकतात. ठोकळ्यात एका वेळी एकाच लॉटच्या गोळ्या ठेवा. त्या लॉटची शेवटची गोळी संपेपर्यंत रिकामी डबी कपाटात राहू द्या.

साठवणीत तुमची चूक निघाली तर तक्रार तिथेच संपते. पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटणच्या बाजूला ओल कपाटातही शिरते, तेव्हा बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा. एप्रिलमध्ये जत, तासगावच्या उन्हात गाडीच्या डिकीत गोळ्या ठेवू नका. बंदुकीच्या तेलाची बाटली त्याच पिशवीत तर नकोच. तेल शिशाच्या आणि पुंगळीच्या सांध्यातून आत झिरपतं आणि मसाला (रिममधलं, ठोका बसताच पेटणारं मिश्रण) मारतं.

रेंजवर गोळी फुटली नाही तर नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद मोजा. पेट उशिरा घेणारी गोळी असते, आणि घाईत बोल्ट उघडला तर ती हाताशी फुटते. याहून घातक म्हणजे दबका ‘फट्’ आवाज. पुंगळीतली दारू (शिसं ढकलणारी भुकटी) कमी किंवा नाहीच असेल तर शिसं नळीतच अडकतं आणि त्यामागून दुसरी गोळी मारली तर नळी फुगते. असा आवाज आला की थांबा, राइफल रिकामी करा, बोल्ट काढा, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा. तो दिसल्याशिवाय पुढची गोळी नाही. शिकाऊ मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

दोष गोळीचा की राइफलचा हे आधी ठरवा, कंपनी तेच विचारणार. न फुटलेल्या गोळीच्या रिमवर पिनची (बोल्टमधून गोळीवर आपटणाऱ्या खिळ्याची) खूण बघा. खूण उथळ असेल तर स्प्रिंग थकलाय, पिन झिजलीय किंवा चेंबरच्या (नळीत गोळी बसते त्या जागेच्या) तोंडाशी मेण आणि काजळीचं कडं जमलंय. कड्यामुळे गोळी पुरती बसत नाही आणि पिनचा जोर तिला पुढे ढकलण्यातच जातो. चेंबर साफ करून पुन्हा बघा. खूण खोल आणि स्वच्छ असूनही गोळी गप्प राहिली तर संशय मसाल्यावर. कारखान्यात ओला मसाला पुंगळी फिरवून रिमच्या पोकळीत पसरवतात; तो एखाद्या जागी पोचला नाही आणि पिन नेमकी तिथेच पडली तर पेट घेत नाही. खात्रीसाठी तोच लॉट दुसऱ्याच्या राइफलमधून आणि दुसरा लॉट तुमच्या राइफलमधून मारा. दोन्ही बाजूंचे आकडे लिहा: किती मारल्या, किती फुटल्या नाहीत, कुठल्या लॉटच्या. ५० मीटरवर गट (टार्गेटवरच्या छिद्रांचा झुपका) आडवा नीट पण उभा ताणलेला दिसला तर गोळ्यांचा वेग एकसारखा नसावा. तो टार्गेट-कागदही ठेवा, त्यावर लॉट नंबर लिहून.

सगळा लॉट मारून संपवू नका. तपासणीला न मारलेल्या गोळ्या लागतात, निदान एक पूर्ण डबी राखा. न फुटलेल्या आणि फाटलेल्या वेगळ्या ठेवा, चिठ्ठीवर लॉट नंबर. गोळी पकडीने उघडून आत बघू नका, मसाल्याला तेवढा दाबही पुरतो.

पत्र विक्रेत्याला आणि आयातदाराला एकदमच पाठवा. परदेशी कंपनी बहुधा आयातदारामार्फतच बोलते. सरकारी कारखान्याचा माल असेल तर २०२१ पासून दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत, मुख्यालय पुण्यात. विषयाच्या ओळीतच लॉट नंबर लिहा. मजकूर दहा ओळींचा: खरेदीची तारीख, संख्या, राइफल, दोष, आकडे, उरलेल्या गोळ्या. राग नको. सोबत डबीचा, बिलाचा आणि रिमवरच्या खुणेचा जवळून काढलेला फोटो.

नमुने मागितले तरी कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने पाठवू नका. परवाना घेऊन विक्रेत्याकडे स्वतः द्या, संख्या आणि लॉट लिहिलेली पोच घ्या.

उत्तर नाही आलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत, दावा लावता येतो. मुदत दोन वर्षं. बदली माल आला की परत केलेल्या गोळ्या परवान्यावरून वजा आणि नव्या जमा करून घ्या, त्याच दिवशी.