ड्रिफ्ट शिकायला गाडी तयार करताना: रिमॅप नंतर, आधी ढिलेपणा काढा

"भाऊ, रिमॅप कितीले पडते?" ड्रिफ्टिंगचं वेड डोक्यात घेऊन जो कोणी आमच्या नागपूरच्या हिंगणा रोडवरल्या गॅरेजात येतो, त्याचा पहिला प्रश्न हाच. रिमॅप म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. माझं उत्तरही ठरलेलं. ताकदीला हात लावू नको, आधी गाडीतला ढिलेपणा काढ. शिकणाऱ्याला दीडशे हॉर्सपॉवर पुरून उरतात. कमी पडतात ते मागचे टायर, हँडब्रेक आणि रेडिएटर. पैसा तिथे लावा.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी हवी, यात वाद नाही. स्विफ्ट, पोलो या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्या. हँडब्रेक ओढून त्यांचं शेपूट फिरतं, पण ॲक्सिलरेटरच्या जोरावर ते घसरतं ठेवता येत नाही, आणि ड्रिफ्ट म्हणजे तर तेवढंच. ओम्नी, बोलेरो मागच्या चाकांवर चालतात खऱ्या, पण उंच गाडी आडवी घसरताना टायर कुठे अडला की लवंडते. तो खेळ नकोच. जपानी पोट्टे ज्या टोयोटा एई८६ वर शिकले, ती १९८३ ते १९८७ मधली हलकी कूपे आपल्याकडे कधी आलीच नाही. निसान ३७०झेड इथे विकली गेली, पण ती हातात आलेला माणूस शिकण्यासाठी तिचे टायर जाळेल असं वाटत नाही. मग उरते जुनी बीएमडब्ल्यू ३ सिरीज, ई९० पिढीची, चेन्नईच्या कारखान्यात २००७ पासून जोडलेली. चार दारं असली तरी वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं आहे, आणि हँडब्रेक बटणाचा नाही, हाताने ओढायचा आहे. पुढचं सगळं याच गाडीबद्दल.

घ्यायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा, गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू. थंड इंजिनच खरं बोलतं. ३२०डी, म्हणजे डिझेल, हिच्यात एन४७ इंजिन असेल तर टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. सुरू केल्या केल्या तिथून सायकलची चेन घासल्यासारखी खरखर आली तर हात जोडून निघा. ती चेन बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बऱ्याचदा इंजिनही. पेट्रोलची ३२०आय असेल तर पाच-दहा मिनिटं आयडलला राहू द्या आणि मग एकदम रेस द्या. मागून निळा धूर निघाला तर व्हॉल्व्ह सील गेले. आणि आरसी नीट वाचा. या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपलीय किंवा संपत आलीय, पुनर्नोंदणीचा खर्च भाव करताना धरा.

आता ढिलेपणा. गाडी जॅकवर नाही, घोडीवर (स्टँडवर) घ्या. पुढचं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनला धरून हलवा. खट्‌ खट्‌ आलं तर टाय रॉड. बारा-सहाला हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग टॉमी (लोखंडी सळई) घेऊन पुढच्या टेन्शन आर्मचा, म्हणजे चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याचा, बुश (रबरी सांधा) दाबून बघा. या बुशमध्ये तेल भरलेलं असतं, आणि फुटला की खाली काळा ओघळ दिसतो. असा बुश असेल तर गाडी आडवी असताना स्टिअरिंग सांगतं एक आणि चाक करतं दुसरं, आणि नव्या माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. मागच्या आर्मचे बुश, डिफ्रन्शियलचे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) माउंट, सगळं याच पाळीत बघून घ्या. मागे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला गिअरबॉक्सजवळ रबराची जाड चकती असते. शाफ्ट हाताने पिळत बोल्टांच्या मधल्या रबरावर टॉर्च मारा. भेग दिसली की बदला. घसरताना टायर एकदम पकडतो तेव्हाचा झटका आधी ती चकतीच खाते.

हँडब्रेकवर मात्र अर्धा दिवस घालवा. या गाडीत मागच्या डिस्कच्या पोटात छोटा ड्रम आहे आणि त्यात हँडब्रेकचे वेगळे शू. ऑटोमॅटिक गाडीचे मालक वर्षानुवर्षं फक्त 'पी' लावतात, म्हणून हे शू गंजून, काचेसारखे गुळगुळीत होऊन बसलेले असतात. डिस्क काढा, शू खरखरीत पेपरने घासा, ड्रममधला गंज काढा. लायनिंग कुठे सुटलेलं दिसलं तर शू नवेच टाका. डिस्क परत लावल्यावर लिव्हर पूर्ण खाली ठेवा आणि केबल ढिली आहे याची खात्री करा. मग डिस्क फिरवत फिरवत चाकाच्या बोल्टचं भोक ॲडजस्टरच्या दातेरी चक्रीसमोर आणा, आत टॉर्च मारली की दात चमकतात. स्क्रू ड्रायव्हरने एकेक दात फिरवत डिस्क अडेपर्यंत न्या, आणि पुन्हा मोकळी फिरेल इतके दात मागे घ्या. दोन्ही बाजूंना सारखं. मगच केबल ताणा. उलट क्रमाने केलं तर लिव्हर वर घट्ट लागतो आणि चाक मात्र लॉक होत नाही. बरेच मिस्त्री फक्त केबल ओढून गाडी परत देतात, त्यामुळे काम समोर उभं राहून करून घ्या. शेवटी मोकळ्या जागेत हळू वेगात लिव्हर हलका ओढून शू बसवून घ्या. चालवताना लिव्हरचं बटण अंगठ्याने दाबलेलंच ठेवायचं, नाही तर तो वरच अडकतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर ओढताना ॲक्सिलरेटर सोडा, कारण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) मागून ढकलतच असतो.

रेडिएटरचं काय ते आपल्या मे महिन्याला विचारा. पारा ४५ च्या वर गेलेला असताना आडवी चालणारी गाडी म्हणजे रेस भरपूर आणि समोरून वारा जवळपास शून्य. पुढची जाळी काढून रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधला कचरा काढा, त्यात माती आणि मेलेले किडे असे थापलेले असतात की आरपार उजेड दिसत नाही. कूलंटची प्लास्टिकची टाकी पिवळी पडली असेल, जोडावर पांढरे डाग असतील, तर न बोलता बदला. कूलंट अर्धं, डिस्टिल्ड वॉटर अर्धं. बोअरचं पाणी नको. ब्रेक ऑइल डॉट ४ ताजं भरा. नवं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा पिऊन ही मर्यादा दीडशेच्या घरात येते.

मी स्वतः मे महिन्यात कोणाला ड्रिफ्ट करू देत नाही. आपला खरा सीझन जुलै-ऑगस्ट. गोदामांची यार्डं हल्ली सगळी सिमेंटची, आणि कोरडं सिमेंट टायर अक्षरशः खातं. तेच पावसात ओलं झालं की गाडी कमी वेगात, कमी रेसवर घसरते, टायर टिकतात, गिअरबॉक्सही तापत नाही. पाण्याचा टँकर मागवायची गरजच काय, वरून फुकट पडतंय.

ओल्या जमिनीचा दुसरा फायदा म्हणजे डिफ्रन्शियलला हात लावावा लागत नाही. साधं, ओपन डिफ्रन्शियल कोरड्यात आतलं एकच चाक फिरवून धूर काढतं. ओल्यात त्याच्यावर गोल फेऱ्या आणि आठचा आकडा आरामात शिकता येतो. वेल्डिंगवाल्याकडून आतले गिअर जोडून टाकायचा सोपा उपाय सगळ्यांना माहीत आहे. स्वस्त आहे, दोन्ही चाकं सोबत फिरतात, हे खरं. पण मग साध्या वळणावरही टायर किंचाळतो, ॲक्सलवर ताण येतो, आणि ती गाडी रस्त्याची उरत नाही. करायचंच असेल तर भंगारातून त्याच रेशोचं दुसरं डिफ्रन्शियल आणा, ते वेल्ड करा, आणि गाडी ट्रकवर टाकून न्या. शिकाऊ माणसाला माझं सांगणं, पहिला पावसाळा ओपनवरच काढा.

टायर पुढचे चांगले, मागचे स्वस्त आणि कडक. २०५/५५ आर१६ सर्वात सोयीचा, वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भागात फिरा किंवा ओळखीच्या पंक्चरवाल्याला सांगून ठेवा. बाजूला 'आरएससी' लिहिलेला रनफ्लॅट घेऊ नका, त्याची भिंत इतकी कडक की टायर कधी सुटतोय ते कळतच नाही. जुना घेताना चार आकडी तारीख बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर आणि वय मोठं असा टायर सगळ्यात धोक्याचा, त्याची साल सुटते आणि मडगार्डसकट बंपर घेऊन जाते. हवा पुढे ३२, मागे ३८ च्या आसपास.

अलाइनमेंटला फार डोकं लावू नका. पुढच्या स्ट्रटच्या (शॉकॲब्सॉर्बरच्या) वर एक छोटी पिन असते, ती काढली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकाव, थोडा जास्त मिळतो. पुढचा टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत की बाहेर) किंचित बाहेर, मागचा किंचित आत. पुढची चाकं जास्त वळवू देणारं स्टिअरिंग अँगल किट नंतर, बरंच नंतर.

आत बसायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढा. डिकी रिकामी करा, पान्यांची पेटीसुद्धा काढा. सीट मूळचीच ठेवा. तिच्यात साइड एअरबॅग आहे, वायर कापून बकेट सीट बसवणं हे नवशिक्याचं काम नाही. बेल्ट झटक्यात ओढून लॉक करा, हेल्मेट घाला, आग विझवायचा सिलिंडर हाताशी बांधलेला ठेवा. डीएससीचं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) बटण नुसतं टिचकी मारून चालत नाही, त्याने फक्त अर्धी मोकळीक मिळते. काही सेकंद दाबून धरलं की पूर्ण बंद होतं.

जागेबद्दल एकदाच सांगतो. फुटाळा नाही, आऊटर रिंग रोड नाही, समृद्धीचा रॅम्प तर नाहीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक चालवण्यासाठी आहे, त्यात कैदही आहे. कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर आहे, म्हणजे वेल्ड केलेलं डिफ्रन्शियल तिथेही अडकतं. विम्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग धरलेलं नसतं. बुटीबोरी किंवा कळमेश्वरकडे ओळखीच्या माणसाचं रिकामं यार्ड असेल तर मालकाची परवानगी कागदावर घ्या, चौकीदाराच्या तोंडी होकारावर जाऊ नका. खांब, नाली आणि रचलेली पॅलेट्स यांच्यापासून लांबची जागा निवडा.

संपल्यावर पाच मिनिटं सरळ, हळू चालवा, एसी बंद, पंखा चालू. गरम असताना हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका, शू चिकटतात. चाकाला दगड लावा. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघायचा मोह आवरा. मागचे टायर बदला, चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरला आवळा, खाली वाकून त्या रबरी चकतीवर पुन्हा एकदा टॉर्च मारा, डीएससी चालू करा, आणि मगच वर्धा रोडला लागा.