कोर्टाच्या खिडकीमागे बसता? या चुका टाळा

खानापूरकडचा म्हातारा समन्स पुढे सरकवतो, “साहेब, ह्यात काय लिवलंय सांगा की.” कागद कन्नडमध्ये. आतून उत्तर येतं, “वकिलाला विचारा.”

सीमाभागातल्या नव्या कारकुनाची ही पहिली चूक. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 137 प्रमाणे खालच्या कोर्टांची भाषा राज्य सरकार ठरवतं, पण ती कामकाजाची. खिडकीवर मराठीत बोलायला कुणी अडवलेलं नाही. दावा कुठला, तारीख कुठली, हॉल कुठला, एवढं सांगा. समन्स मिळाल्यापासून कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, 30 दिवस, कोर्टाने वाढवून दिले तरी साधारण 90. “उद्या या” म्हटलं की त्यातलाच एक जातो. कन्नड शब्दही काही परके नाहीत, आधी मराठी, मग कन्नड: अर्ज-अर्जी, दावा-दावे, नक्कल-नकलु.

दुसरी चूक कनवाळू माणसाची. “काका, वाटणी मान्य करून मोकळे व्हा.” हा सल्ला झाला, आणि दुपारी त्यांचा भाऊ त्याच खिडकीवर येणार आहे. जे वाक्य दोघांनाही जसंच्या तसं सांगता येतं, तेवढीच माहिती. वकिलाचं नावही सुचवू नका, मेहुण्याचं तर नाहीच. तालुका कायदेविषयक सेवा समितीकडे पाठवा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर 15100.

निकालाच्या नकलेवरच्या तारखा मात्र जिवावर बेततात. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, आणि मुदत कायदा, 1963 च्या कलम 12 मुळे नक्कल मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळतात. तो मोजायचा कशावरून? अर्ज कधी आला आणि नक्कल कधी तयार झाली, या तुम्ही घातलेल्या तारखांवरून. मी एकदा टायपिंग संपलं त्याच दिवशी ‘तयार’ लिहून मोकळा झालो. सही-शिक्का चार दिवसांनी झाला. पक्षकाराचे चार दिवस माझ्या पेनाने खाल्ले. वकिलांनी दाखवलं तेव्हा पांढरी शाई काढायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. शिरस्तेदारांनी, म्हणजे आमच्या वरच्या कारकुनांनी, हात धरला. चूक झाली तर वरिष्ठांना सांगायचं, त्यांच्या हुकमाने जुनी तारीख वाचता येईल अशी एक रेघ मारायची, शेजारी नवी, खाली सही.

चहापाण्याबद्दल काय बोलायचं! नकलेची फी ठरलेली असते, तिची पावती द्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर त्याने 7 दिवसांत कळवायचं असतं. म्हणजे तुम्ही घेतलेल्या शंभराच्या नोटेपायी आधीच कोर्टाची पायरी चढलेला माणूस आणखी एका खटल्यात अडकू शकतो.