गावातल्या पहिल्या हॉटेलचा इतिहास कसा लिहावा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. चहा, भजे, आलुबोंडा आणि पोहे मिळतात ते हॉटेल, राहण्याची सोय असते तो लॉज आणि महिन्याच्या हिशेबाने जेवण मिळते ती खानावळ. म्हणून ‘गावातले पहिले हॉटेल कोणते’ असे विचारण्याआधी आपल्याला यांपैकी काय अभिप्रेत आहे हे ठरवून घ्यावे. नाहीतर एक आजोबा धर्मशाळेजवळच्या खानावळीचे नाव सांगतात, दुसरे मोटार स्टँडवरच्या चहाच्या दुकानाचे, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते.

सुरुवात माणसापासून न करता जागेपासून करावी. १८६७ साली मुंबईकडची रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाडातला कापूस स्टेशनांकडे वळला. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी, आपण ‘शकुंतला’ म्हणतो ती अरुंद रुळांची गाडी आली. जिथे कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, वजनासाठी रात्रभर रांगेत उभ्या राहत, तिथे पहाटे चहाची भट्टी पेटणे स्वाभाविक होते. तेव्हा गावाचा जुना नकाशा घेऊन स्टेशन, जिनिंग (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) आणि बाजाराची जागा यांवर खुणा कराव्या. हॉटेल याच जागी का निघाले, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या खुणांमध्येच सापडते.

सर्वांत जास्त कष्ट वर्ष ठरवताना पडतात. जुनी माणसे सन सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. ‘चिमूर-आष्टीच्या साली’ असे कोणी म्हटले तर तिथला ‘चले जाव’ चळवळीतला उठाव, म्हणजे १९४२ धरावे. ‘महात्माजी सेवाग्रामात राहायला आले तेव्हा’ म्हटले तर १९३६. ही उत्तरे त्याच शब्दांत वहीत उतरवावी आणि मगच दप्तराकडे वळावे. नगरपरिषद असल्यास कर आकारणीची जुनी नोंदवही, ग्रामपंचायत असल्यास तशीच नोंद असलेला नमुना ८, आणि जागा नझुलाची (सरकारी मालकीची) असल्यास पट्टा व आखीव पत्रिका, म्हणजे मिळकतीचा उतारा, पाहावी. मात्र ही कागदपत्रे घराची साक्ष देतात, धंद्याची नव्हे, हे विसरू नये. मी स्वतः एकदा घराच्या नोंदीचे वर्ष हॉटेलच्या स्थापनेचे वर्ष म्हणून लिहून मोकळा झालो होतो, आणि त्या जागेत आधी बरीच वर्षे सरकीचे गोदाम होते हे मला मालकांच्या थोरल्या सुनेने दाखवून दिले. धंद्याचा पुरावा हवा असेल तर १९४७ च्या मध्यप्रांत व वऱ्हाड दुकाने व आस्थापना कायद्याखालचे नोंदणीपत्र घरच्या ट्रंकेत आहे का, ते विचारावे.

भिंतीवरची दरांची पाटी कागदाइतकीच बोलते. मी पाहिलेल्या एका लाकडी पाटीवर ‘चहा ६ न. पै.’ असे पांढऱ्या रंगात लिहिलेले होते, आणि बॅटरीचा उजेड तिरपा धरल्यावर त्याखाली ‘१ आणा’ ही जुनी अक्षरे उमटून दिसली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली आणि एका आण्याचे सहा नवे पैसे धरले गेले. म्हणजे पाटी त्या दिवसाच्या आधीची आणि रंग नंतरचा. अशी पाटी पुसू नये, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. आधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावी.

उधारीच्या वह्या मिळाल्या तर आपले नशीब थोर समजावे. लिपी मोडी असेल किंवा मारवाडी दुकानदारांची मुडिया, तर वाचणारा जाणकार शोधावा, अंदाजाने वाचू नये. शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवावे, संवत असेल तर ५७ वजा करावे आणि एखाद्या वर्षाचा फरक राहू शकतो हे लक्षात ठेवावे. वहीत गिऱ्हाइकांची नावे असतात, पण पहाटे भट्टी पेटवणाऱ्या आणि कपबश्या विसळणाऱ्या पोरांची क्वचितच असतात. ती तोंडी विचारूनच मिळवावी लागतात, आणि त्यांच्यावाचून लिहिलेला हॉटेलचा इतिहास मला अर्धाच वाटतो.

एक प्रश्न मात्र टाळू नये: बाकड्यावर कोण बसत होते आणि बाहेर उभे राहून कोणाला चहा घ्यावा लागत होता? वेगळी कपबशी होती का, ती कुठे ठेवत, ती कोण धूत होते? राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले. पण आपल्या गावात ते बाकडे प्रत्यक्षात कधी खुले झाले, हे वेगळे विचारावे लागते. हा प्रश्न मालकांच्या घरी विचारून भागत नाही. ज्यांना बाहेर उभे राहावे लागले त्यांच्या वस्तीत जाऊन, घाई न करता, पहिल्या भेटीत वही न उघडता ऐकावे, आणि सांगणाऱ्याची संमती असेल तरच नाव लिहावे.

दोन माणसांनी दोन वर्षे सांगितली असतील तर दोन्ही लिहून आपल्याला कोणते का पटते ते नमूद करावे. मजकूर तयार झाला की तो छापण्याआधी त्याच हॉटेलात, दुपारी गर्दी ओसरल्यावर, जुन्या गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि समासासाठी मोठी जागा सोडलेली प्रत सोबत न्यावी, कारण पहिल्याच पानावर कोणीतरी म्हणेल, ‘थांबा जी, भट्टी तिकडं नव्हती, इकडं होती.’