सुनेची माहिती सासऱ्याकडून घेताना

माणूस घरी सापडला नाही की त्याची माहिती घरातला दुसरा कोणीतरी देतो. आमच्या घरोघरच्या सर्वेक्षणाच्या कामात याला प्रॉक्सी म्हणतात, आणि मराठवाड्यात ती टळत नाही. दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणीकडच्या वाड्या-तांड्यांवर जा. कोयत्याच्या जोड्या, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, साखर कारखान्यावर गेलेल्या असतात, दारात म्हातारी माणसं आणि लेकरं. ही घरं सोडून दिली तर ऊसतोड कामगारच आकड्यांतून गायब होतो. म्हणून नव्या पोरापोरींना मी सांगते: प्रॉक्सी घ्या, पण कोणत्या प्रश्नाला घ्यायची हे गावात शिरायच्या आधी ठरवा.

प्रश्नावली हातात आली की पेन्सिलीनं खुणा करा. शिक्षण, लग्न, कुठं कामाला गेले, दवाखान्यात भरती केलं होतं का, हे घरातल्या सगळ्यांना दिसलेलं असतं, तिथं प्रॉक्सी चालते. वय मात्र पाच-दहाच्या पटीत सांगतात. लातूर-धाराशिवकडं मी विचारते, "किल्लारीच्या भूकंपाला ही केवढी होती?" 1993 साल धरलं की वय जागेवर येतं. अंगदुखी, बचत गटाचं कर्ज, रिचार्ज, तंबाखूचा खर्च यांवर दुसरा माणूस फक्त अंदाज सांगतो. आणि गर्भपिशवीचं ऑपरेशन किंवा मारहाण हे त्या बाईलाच विचारायचं, तेही एकटीला. ती भेटली नाही तर रकाना रिकामा राहू द्या. सासूचं उत्तर तिथं नको.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कामाच्या प्रश्नात. ओसरीवर आबा बसलेले असतात. "सून काय करते?" "घरीच असते." माहिती घेणारा आपला पोरगा 92 टाकून मोकळा होतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या कोडांत 92 म्हणजे फक्त घरकाम. आबा खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी बाईची वेचणी हे कामच नाही. म्हणून 'काम' हा शब्दच सोडा.

"आबा, काल वेचायला कोण गेलं होतं?"

"सून अन् तिची जाऊ."

"आपल्याच रानात?"

"आपला कापूस परवाच सरला. काल दुसऱ्याच्या रानात गेल्या, किलोवर."

आता घरच्या रानातल्या दिवसांना 21 (घरच्या कामात बिनपगारी मदत) आणि मजुरीच्या दिवसांना 51 (रोजंदारी) हा कोड. खुरपणी, सोयाबीनची काढणी, शेळ्या, दूध असं एकेक नाव घेऊन विचारा. वेळ जातो, जाऊ द्या.

पण प्रॉक्सीमुळं फक्त बायांचंच काम कमी नोंदलं जातं, असं धरून चालू नका. टांझानियात मुद्दाम स्वतः माणसाला आणि प्रॉक्सीला अशा दोन्ही पद्धतींनी विचारून पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2011 साली छापून आले. तिथं प्रॉक्सीमुळं पुरुषांचं काम कमी नोंदलं गेलं, त्यातही शेतीतलं. बायांच्या आकड्यांत फरक पडला नाही. आपल्याकडं काय होतं, हे आपल्याच गावांत तपासावं लागतं.

प्रॉक्सी कोणाची? एका चुलीवर जेवणाऱ्याची. शेजारी नको. ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम तर अजिबात नको. उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) आणि मजुरीचा आकडा त्याच्या तोंडून घेणं म्हणजे सावकाराला कर्जदाराचं खातं विचारणं. टोळीतल्या माणसाचा स्वतःचा फोन लागत असेल तर तोच लावा, त्याला सवड कधी असते ते घरच्यांना विचारून.

टॅबमध्ये चार गोष्टी आल्याच पाहिजेत: उत्तर स्वतःचं की दुसऱ्याचं, नातं काय, एकत्र राहतात का, आणि मूळ माणूस का भेटला नाही. "माहीत नाही" हा पर्याय ठेवा आणि तो निवडणाऱ्या पोराला रागावू नका. रागावलात तर पुढच्या घरी तो "नाही" लिहितो, आणि ते नंतर शोधूनही सापडत नाही.

थोड्या घरांत दुसऱ्या माणसाला पाठवून मूळ व्यक्तीला तेच प्रश्न विचारून घ्या, दोन्ही उत्तरं प्रश्नागणिक जुळवा. प्रॉक्सीवाल्यांची सरासरी सरळ इतरांच्या सरासरीशी लावू नका. बाहेर गेलेली माणसं तरुण आणि कमावती असतात, फरक त्यामुळंही पडतो. आणि अहवालातल्या कामाच्या प्रत्येक तक्त्याखाली प्रॉक्सीची टक्केवारी छापा, बायांची वेगळी, पुरुषांची वेगळी.