वेगवेगळ्या काळांतील बॉक्सरांची जोड कशी लावावी

मोहम्मद अली आणि माइक टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते, हा विषय साताऱ्यातल्या तालमींच्या कट्ट्यावर खाशाबा जाधवांच्या गोष्टींइतक्याच उत्साहाने निघतो आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याचा बॉक्सर जिंकतो. वास्तविक अशी काल्पनिक लढत शिस्तीने लावता येते. त्यासाठी दोघांच्याही काही लढती पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत पाहिलेल्या असाव्यात, एवढीच अट आहे. निवडक ठोशांच्या चित्रफिती पाहून मत बनवू नये, कारण त्यांत बॉक्सर मारताना दिसतो, दमताना दिसत नाही.

आधी वजन पाहावे. रॉकी मार्सियानो ४९ लढतींत अपराजित राहिला हे खरे, पण तो साधारण ८५ किलोंचा होता आणि आजच्या वजनगटांत तो क्रूझरवेटमध्ये, म्हणजे ९०.७ किलोंच्या आत बसतो. २०२० साली वाइल्डरला हरवताना टायसन फ्युरी हा अलीकडचा बॉक्सर जवळजवळ १२४ किलोंचा होता. ही जोड लावूच नये. मार्सियानोला आजचा खुराक आणि आजची व्यायामशाळा देऊन मनातल्या मनात शंभर किलोंचा करावा, असा सल्ला वारंवार दिला जातो. तो सपशेल चुकीचा आहे. वजन वाढवले की त्याचा दम आणि वाकून आत शिरण्याची त्याची पद्धत तीच राहील याची काहीही खात्री नसते, आणि मग आपण मार्सियानोबद्दल बोलत नसून स्वतः घडवलेल्या एका नव्याच माणसाबद्दल बोलत असतो.

मग नियम ठरवावेत. जागतिक विजेतेपदाच्या लढती पूर्वी १५ फेऱ्यांच्या असत. १९८२ साली मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर किम दुक-कू या कोरियन बॉक्सरचा मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्या १२ फेऱ्यांवर आल्या. १९१९ साली डेम्प्सी पडलेल्या विलार्डच्या डोक्याशी उभा राहून तो उठताक्षणीच त्याला पुन्हा मारू शकत होता, आज त्याला दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबावे लागेल. नियमाने किती फरक पडतो हे साताऱ्याच्या माणसाला परक्या उदाहरणावरून शिकण्याची गरज नाही. गोळेश्वरचे खाशाबा तांबड्या मातीत तयार झाले, १९४८ साली लंडनला गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांत लढून सहावे आले आणि गादीची सवय झाल्यावर १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. म्हणून नियम कोणतेही निवडा, परंतु दोघांनाही तेच लावा आणि ते आधी कागदावर लिहून ठेवा.

यापुढची पायरी मात्र खरोखर अवघड आहे. ती मला पुष्कळ दिवस साधत नव्हती आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. जोड दोन नावांची लावायची नसते, दोन विशिष्ट रात्रींची लावायची असते. ‘अली’ म्हणून एकच बॉक्सर नाही. मार्च १९६७ मध्ये फॉलीला हरवणारा अली पायांवर जगत होता. त्यानंतर बंदीमुळे साडेतीन वर्षे तो रिंगबाहेर राहिला, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासा येथे दोरांना टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेणारा अली हा वेगळ्याच बळावर लढणारा बॉक्सर होता. एकाचे पाय आणि दुसऱ्याची सहनशक्ती एकत्र करून जो अली तयार होतो त्याला कोणीच हरवू शकत नाही, पण असा अली कधी रिंगमध्ये उतरलाही नाही.

रात्र निवडताना सर्वांत देखणी रात्र निवडू नये. अलीसाठी बहुतेक जण नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची लढत पुढे करतात, आणि त्या रात्री अली अप्रतिम दिसतो यात शंका नाही. परंतु समोरच्या विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागली होती आणि त्यात त्याने एक मूत्रपिंड गमावले होते. टायसनसाठी १९८८ ची स्पिंक्सविरुद्धची लढत निवडली जाते, ती ९१ सेकंदांत संपली. दीड मिनिटाच्या लढतीवरून नवव्या फेरीचा अंदाज बांधता येत नाही. मी अलीसाठी फेब्रुवारी १९६७ ची टेरेलविरुद्धची लढत घेतो, ती पूर्ण १५ फेऱ्या चालली. टायसनसाठी ऑगस्ट १९८७ ची टकरविरुद्धची घेतो, ती पूर्ण १२ फेऱ्या चालली. दोन्ही लढतींत समोरचा उंच होता, उभा राहिला आणि त्यामुळे जिंकणाऱ्याला आपली सगळी विद्या बाहेर काढावी लागली.

रात्री ठरल्या की प्रत्येकाच्या कारकिर्दीत दुसऱ्यासारखा कोण भेटला ते शोधावे. अलीला टायसनच्या सर्वांत जवळचा भेटला तो जो फ्रेझियर, बुटका, सतत आत घुसणारा आणि डाव्या हूकवर, म्हणजे हात वाकवून बाजूने मारलेल्या ठोशावर, जगणारा. ८ मार्च १९७१ च्या लढतीची पंधरावी फेरी सावकाश, पुन्हा पुन्हा पाहावी. अली उजव्या हाताने खालून ठोसा मारायला जातो, तेवढ्यात जबड्याची ती बाजू उघडी पडते, फ्रेझियरचा हूक लांबून येतो आणि अली पाठीवर पडतो, बुटांचे लाल गोंडे हवेत उडतात. १९६३ साली हेन्री कूपरनेही त्याला डाव्या हूकनेच खाली बसवले होते. म्हणजे फट खरी आहे आणि ती टायसनच्या आवडत्या ठोशासमोर आहे. परंतु फ्रेझियर म्हणजे टायसन नव्हे. फ्रेझियर सावकाश तापणारा होता, त्याचा उजवा हात तितका घातक नव्हता आणि पंधराव्या फेरीतही तो पहिल्या फेरीसारखाच पुढे येत असे. टायसनचे दोन्ही हात मारतात, पण त्याचा सगळा जोर पहिल्या काही फेऱ्यांत असतो. साम्य उंचीवरून ठरवू नये. ठोसा कोणत्या बाजूने येतो आणि कितव्या फेरीपर्यंत त्याच जोराने येतो, यावरून ठरवावे.

उलट बाजूने पाहिले तर टायसनला उंच, जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा मारणारा आणि न घाबरणारा भेटला तो फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला, बस्टर डग्लस. टायसनचे चाहते लगेच म्हणतात की त्या रात्री त्याची तयारीच नव्हती. हे मान्य करावे, पण मग १९७१ चा अलीही बंदीतून नुकताच परतला होता, हेही मान्य करावे. सूट द्यायची तर दोघांनाही द्यावी.

एका सल्ल्यावर माझा विशेष राग आहे, तो म्हणजे ‘अमुकने तमुकला हरवले, तमुकने याला हरवले, म्हणून अमुक याला हरवेल’. १९७३ साली फोरमनने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. पुढच्या वर्षी त्याने नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवले. या दोघांनीही अलीला हरवलेले होते. या हिशोबाने किन्शासाला अली उभाही राहायला नको होता, आणि तिथे आठव्या फेरीत फोरमन खाली पडला. आकडे संगणकात घालूनही हेच होते. १९७० साली मार्सियानो आणि अली यांची संगणकाने ठरवलेली म्हणून जी लढत पडद्यावर दाखवली, तिच्यात अमेरिकेतल्या प्रेक्षकांसमोर तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला आणि युरोपातल्या प्रेक्षकांसमोर अली जिंकला.

निकाल लिहिताना फेरी आणि कारण दोन्ही लिहावे, आणि हरणारा जिंकला असता तर तो कसा, हेही लिहावे. माझ्या कागदावर १९६७ चा अली आणि १९८७ चा टायसन यांची लढत अशी आहे: पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या, पाचव्यापासून अलीचा जॅब त्याला आत शिरू देत नाही, १२ फेऱ्यांच्या नियमात अली गुणांवर जिंकतो आणि १५ फेऱ्यांच्या नियमात तेराव्या फेरीच्या सुमारास पंच लढत थांबवतात. टायसन जिंकणार असेल तर तो चौथ्या फेरीच्या आत, अली सरळ मागे झुकत असताना बसलेल्या डाव्या हूकने.