टेनिस बॉलवरून सीझन बॉलकडे वळताना: फलंदाजी आणि गोलंदाजीची पायाभरणी

महाराष्ट्रातली बहुतेक मुले क्रिकेट शिकतात ती टेनिस बॉलवर. चाळीची गल्ली, शाळेमागचे पटांगण, भातकापणीनंतर मोकळे झालेले कोकणातले खाचर, जिथे जागा मिळेल तिथे डाव रंगतो आणि त्या डावांतून तीक्ष्ण नजर, हात-डोळ्यांचा मेळ व मोठा फटका मारण्याची धिटाई या गोष्टी आपोआप अंगी येतात. त्यांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. मात्र हाच खेळाडू क्लबच्या नेटमध्ये सीझन बॉलसमोर, म्हणजे क्रिकेटच्या कातडी चेंडूसमोर, उभा राहिला की गोंधळतो, कारण चेंडूच वेगळा असतो. साधा टेनिस चेंडू सुमारे 58 ग्रॅमचा असतो, तर सीझन बॉल नियमानुसार 155.9 ते 163 ग्रॅमचा. टेनिस चेंडू टप्पा पडल्यावर थबकून वर येतो आणि आडव्या बॅटने ओढला तरी सीमापार जातो. सीझन बॉल टप्प्यानंतर वेगाने अंगावर येतो, हवेत वळतो, शिवणीवर पडून दिशा बदलतो आणि बॅटची कड घेऊन स्लिपच्या हातात जातो.

हा बदल करू पाहणाऱ्या खेळाडूंसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यात एक गोष्ट वारंवार येईल, ती आधीच सांगतो: नेटमध्ये हातांचे म्हणून जे दोष दाखवले जातात, त्यांतले बहुतेक मुळात डोक्याचे आणि पायांचे असतात. डोके हलले की तोल जातो, तोल गेला की पाय चुकीच्या जागी पडतो, आणि मग हात ती चूक सावरण्यासाठी धडपडतात. म्हणून दुरुस्ती हातांपासून सुरू करू नये. फलंदाजीला हे जितके लागू आहे, तितकेच गोलंदाजीलाही.

फलंदाजीची सुरुवात उभे राहण्यापासून होते. दोन्ही पायांत साधारण खांद्यांइतके अंतर असावे, गुडघे किंचित सैल असावेत आणि शरीराचा भार टाचांवर नव्हे, तर चवड्यांवर असावा. डोके सरळ, दोन्ही डोळे गोलंदाजाकडे आणि जमिनीला समांतर. टेनिस क्रिकेटमध्ये लेगच्या बाजूला मोठा फटका मारण्यासाठी अनेकजण डोके ऑफ साइडला कलते ठेवून किंवा चेंडू सुटण्याआधीच लेगला सरकून खेळतात. सीझन बॉलवर यातली पहिली सवय पायचीत करते आणि दुसरी सवय यष्टी उघड्या टाकते. मोबाइलवर समोरून चित्रफीत काढून घ्यावी आणि चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटतो त्या क्षणी ती थांबवून आपले डोके कुठे आहे ते पाहावे. त्या एका चित्रातून जितके कळते तितके तासभर बोलूनही कळत नाही.

बॅट धरताना दोन्ही हात जवळजवळ असावेत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधले दोन्ही कोन मुठीच्या मागच्या बाजूला, साधारण एका रेषेत यावेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर असतो आणि सरळ बॅटच्या प्रत्येक फटक्यात तोच मालक असतो. टेनिस बॉलवर वाढलेल्या खेळाडूचा खालचा हात सवयीने जोर लावतो. बॅटचा चेहरा वेळेआधी बंद होतो, ती ऑफकडून लेगकडे आडवी फिरते आणि चेंडू हवेत उडतो. यावरचा उपाय जुना आहे आणि आजही तितकाच खरा आहे. जोडीदाराने सात-आठ पावलांवरून खालून हलका चेंडू टाकावा आणि फलंदाजाने फक्त वरच्या हाताने, बॅट थोडी खाली धरून, तो सरळ परतवावा. त्यानंतर दोन्ही हातांनी खेळताना खालच्या हाताची पकड अंगठा आणि दोन बोटे एवढीच ठेवावी. मनगट थकेपर्यंत हा सराव करू नये. थकलेल्या हाताला पुन्हा जुनीच सवय लागते.

आता पुढच्या पायावरचा बचाव. हा फटका ज्याला नीट येतो, त्याला सरळ ड्राइव्ह शिकवावा लागत नाही, कारण ड्राइव्ह म्हणजे त्याच हालचालीला दिलेली पूर्ण गती. चेंडूचा टप्पा ओळखला की आधी डोके चेंडूच्या रेषेकडे जावे आणि पाय त्याच्या मागोमाग पडावा. अनेकांना पाय आधी टाकण्याची घाई असते. त्यामुळे पाय पुढे, डोके मागे आणि बॅट अंगापासून लांब अशी अवस्था होते. पुढचा पाय नेमका रेषेत आडवा टाकू नये, रेषेच्या किंचित लेगच्या बाजूला टाकावा, म्हणजे बॅटला पायाला वळसा घालून यावे लागत नाही. पुढचा गुडघा वाकलेला, बॅट आणि पॅड जवळजवळ, बॅटचा चेहरा थोडा खाली झुकलेला, आणि चेंडू बॅटला लागेल तो डोळ्यांच्या बरोबर खाली. चेंडूकडे बॅट ढकलू नये. चेंडू बॅटपर्यंत येऊ द्यावा.

चेंडू येऊ देणे, म्हणजे उशिरा खेळणे, हीच या संक्रमणातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. टेनिस चेंडूवर पुढे झेपावून, टप्प्याजवळच तो फोडून काढण्याची सवय असते. वळणाऱ्या चेंडूवर तसे केले तर वळण्याआधीच आपण खेळून मोकळे होतो. मुंबईत 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग फलंदाज घडवते असे म्हणतात, त्याचे कारण हेच आहे. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर एक चेंडू घसरतो आणि दुसरा उसळतो, तिथे आधीच ठरवून फटका मारणारा टिकत नाही; शेवटपर्यंत चेंडू पाहणारा टिकतो.

आपण खरोखर उशिरा आणि सरळ खेळतो का, हे बॅट सांगते. सराव संपला की बॅटच्या चेहऱ्यावरचे लाल ठसे पाहावेत. ते खालच्या टोकापासून साधारण चार ते सात इंचांच्या पट्ट्यात, मधोमध दाटलेले असतील तर काम योग्य मार्गावर आहे. ठसे अगदी टोकाशी असतील, तर डोके मागे राहून हात पुढे जात आहेत. बाहेरच्या कडेला रांग लागली असेल, तर बॅट अंगापासून लांबून येते आहे. सरावाआधी ओल्या फडक्याने चेहरा पुसून घेतला की त्या दिवसाचेच ठसे उमटतात आणि मागच्या आठवड्याशी तुलना करता येते.

सोडलेला चेंडू हासुद्धा खेळलेलाच चेंडू असतो, हे टेनिस क्रिकेटमध्ये कोणी शिकवत नाही, आणि मोजक्या षटकांच्या त्या खेळात त्याची गरजही नसते. सीझन बॉलवर नव्या चेंडूसमोरचे अर्धे काम सोडण्याचे आहे. त्यासाठी आपला ऑफ स्टंप कुठे आहे, हे न पाहता कळले पाहिजे. मिडल किंवा लेग-मिडल गार्ड घेऊन, म्हणजे त्या यष्टीच्या रेषेत उभे राहण्याची जागा ठरवून, सुरुवातीच्या छोट्या हालचालीनंतर आपले डोळे ऑफ स्टंपच्या रेषेत येतात का, हे जोडीदाराकडून तपासून घ्यावे. ते तसे येत असतील, तर एक सोपा नियम हाती लागतो: डोळ्यांच्या रेषेबाहेरून जाणारा चेंडू यष्टीवर नाही. नेटमधली पहिली दहा-बारा मिनिटे केवळ हाच निर्णय घेण्यासाठी राखून ठेवावीत. जानेवारी 2004 मध्ये सिडनी कसोटीत सचिन तेंडुलकर यांनी नाबाद 241 धावा केल्या, त्या मालिकेत कव्हर ड्राइव्ह खेळताना बाद होत असल्यामुळे तो फटका जवळपास पूर्ण बाजूला ठेवून. 436 चेंडूंच्या त्या खेळीत 33 चौकार होते. म्हणजे सोडणारा फलंदाज धावा करत नाही हा समज खोटा आहे. ऑफबाहेर काही मिळत नाही म्हटल्यावर गोलंदाजाला यष्टीकडे यावे लागते आणि धावा तिथे मिळतात.

मागच्या पायावर खेळताना मागचा पाय यष्टीकडे आणि किंचित ऑफकडे न्यावा, पंजा क्रीजला समांतर ठेवावा, वरचे कोपर उंच ठेवावे आणि उसळलेला चेंडू हात सैल ठेवून पायाशी पाडावा. कट आणि पूल हे आडव्या बॅटचे फटके टेनिसवाल्यांना आधीपासून येत असतात. ते फटके फक्त दोन महिने दूर ठेवावेत, म्हणजे सरळ बॅटची सवय पक्की होते. हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज आणि गार्ड यांशिवाय मात्र एकही चेंडू खेळू नये, थ्रो-डाउनवर, म्हणजे जवळून हाताने फेकलेल्या चेंडूंवरसुद्धा.

गोलंदाजीकडे वळताना प्रथम रनअप पक्का करावा. क्रीजवर पाठमोरे उभे राहावे, सीमारेषेकडे आपल्या स्वाभाविक लयीत धावत जावे आणि जिथे आपोआप उडी घेऊन चेंडू सोडावासा वाटतो तिथे सोडावा. जोडीदाराने ती जागा पाहून खूण करावी. असे पाच-सहा वेळा केले की खुणा एका ठिकाणी गोळा होऊ लागतात आणि तोच आपला रनअप असतो. पावले मोजून तो लक्षात ठेवावा. मोठ्या गोलंदाजाची नक्कल म्हणून लांबून धावत येण्यात अर्थ नाही. क्रीजवर पोहोचताना तोल आणि वेग दोन्ही शाबूत असले पाहिजेत.

क्रीजवरच्या पायांच्या ठशांत गोलंदाजाची सगळी कुंडली असते. षटक संपल्यावर मातीतल्या खुणा पाहाव्यात. मागच्या पायाचा ठसा, पुढच्या पायाचा ठसा आणि जिथे चेंडू टाकायचा आहे ती जागा साधारण एका रेषेत हवी. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा पुढचा पाय फार डावीकडे पडत असेल, तर डोकेही तिकडेच कलते आणि चेंडू लेगला घसरतो. तो फार उजवीकडे आडवा पडत असेल, तर कंबर अडते आणि सगळा ताण पाठीवर येतो. मागचा पंजा क्रीजला समांतर असेल, तर खांदेही बाजूला वळलेले हवेत. तो फलंदाजाकडे तोंड करून असेल, तर छातीही समोर हवी. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. कंबर समोर आणि खांदे बाजूला ही मिश्र पद्धत मात्र कमरेच्या मणक्यांना इजा करते, आणि ती लहान वयातच सुधारली पाहिजे. चेंडू सुटताना डोके ताठ, पुढचा हात आधी उंच आणि मग बरगडीजवळून खाली, पुढचा पाय भक्कम, आणि चेंडू सुटल्यावर तीन-चार पावले खेळपट्टीच्या बाजूला निघून जाणारी: एवढे जमले की वेग आपोआप वाढतो.

टेनिस क्रिकेटमध्ये फेकी गोलंदाजी अनेकदा खपून जाते. सीझन बॉलवर ती खपत नाही. आयसीसीच्या नियमानुसार हात खांद्याच्या उंचीवर आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर 15 अंशांहून अधिक सरळ होता कामा नये, आणि क्लब सामन्यात पंचाला डोळ्यांनी दिसले तरी तो नोबॉल देतो. शंका असल्यास सहा पावलांच्या रनअपवरून, अर्ध्या वेगाने, हात कानाजवळून नेत पुन्हा सुरुवात करावी. वेग महिनाभर कमी होईल; तो होऊ द्यावा.

चेंडू धरताना शिवण उभी ठेवावी, तर्जनी आणि मधले बोट शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठ्याची कड खाली शिवणीवर, आणि चेंडू व तळव्यात थोडी फट. उजव्या हाताच्या फलंदाजाला आउटस्विंग, म्हणजे हवेत त्याच्यापासून बाहेर वळणारा चेंडू, टाकायचा असेल, तर शिवण पहिल्या स्लिपकडे वळवावी आणि चकाकी असलेली बाजू लेगकडे ठेवावी. इनस्विंगसाठी याच्या उलट. मनगट चेंडूच्या मागे राहिले तरच शिवण हवेत उभी राहते. घरी हे तपासण्यासाठी चेंडू सरळ वर उडवून शिवण डगमगते का ते पाहावे. ऑफस्पिनरने तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर पसरून, दाराची मूठ उजवीकडे फिरवावी तसा चेंडू फिरवावा. लेगस्पिनरचे काम तिसऱ्या बोटाचे आणि मनगटाचे आहे, आणि त्याला प्रशिक्षकाइतकीच संयमी कर्णधाराचीही गरज असते.

टप्पा हे गोलंदाजाचे खरे धन आहे. नाशिकला जन्मलेल्या बापू नाडकर्णी यांनी जानेवारी 1964 मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध सलग 21 षटके निर्धाव टाकली; त्या डावातले त्यांचे पृथक्करण 32 षटके, 27 निर्धाव, 5 धावा, बळी नाही असे होते. ते सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकत. आपण रुमालापासून सुरुवात करावी. मध्यमगती गोलंदाजाने फलंदाजाच्या यष्टींपासून सुमारे 6 मीटरवर, ऑफ स्टंपच्या रेषेत किंवा किंचित बाहेर रुमाल अंथरावा. फिरकीपटूने तो 4 मीटरच्या आसपास ठेवावा. लहान वयाच्या, कमी वेगाच्या गोलंदाजासाठी तो फलंदाजाच्या आणखी जवळ सरकवावा. फलंदाजाशिवाय, एका वेळी सहा चेंडूंचे षटक धरून, प्रत्येक षटकात किती टप्पे रुमालावर पडले ते वहीत लिहावे. चार पडू लागले की रुमाल अर्धा दुमडावा.

वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजाने एक हिशोब काटेकोर ठेवावा. शनिवार-रविवारच्या टेनिस स्पर्धा आणि मधल्या दिवसांतले सीझन बॉलचे नेट, दोन्हीकडची षटके एकाच शरीरातून जातात, पण प्रशिक्षकाला बहुधा एकाच बाजूची माहिती असते. दोन्हीकडची षटके त्याला सांगावीत आणि लागोपाठ दोनपेक्षा अधिक दिवस पूर्ण वेगाने गोलंदाजी करू नये. गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, कमरेच्या खालच्या भागात दुखू लागले आणि मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर मालिश किंवा मलम यांवर वेळ न घालवता त्याच दिवशी गोलंदाजी थांबवावी आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मणक्याला बारीक भेग गेलेली असण्याची शक्यता असते, आणि ती लवकर ओळखली तर विश्रांतीने भरून येते.