पंख बंद करण्याआधी थांबा

घरी हलकं विमान बांधणाऱ्या बेळगावकडच्या मित्रांना एक कळकळीची विनंती: पत्रा ठोकून पंख बंद करायच्या आधी आतलं काम तपासून घ्या. एकदा रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या पक्क्या खिळ्या) बसले की आतला सांधा कुणालाच दिसत नाही.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काहीही सुबक बनतं, आपल्या कारागिरांचा हात सोन्याचा आहे. पण बोल्ट मात्र साध्या हार्डवेअर दुकानातला घेऊ नका. त्याच्या डोक्यावर बहुधा ८.८ असा ताकदीचा आकडा असतो. विमानाच्या पोलादी बोल्टवर उठावाची फुली असते. घट्ट केल्यावर नटावरून शेजारच्या भागापर्यंत लाल रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट हलला, समजा. प्रत्येक टप्प्याचा तारखेसह फोटो, मालाचं बिल आणि नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा.

नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे होते. क्रमांक व्हीटी या भारताच्या खुणेने सुरू होतो. नोंदणी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे, ती वेगळी लागते. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना २०१७ साली नोंदणी मिळाली, तीही कित्येक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर. म्हणून विमान बांधायला घेण्याआधीच नियम विचारा, लेखी विचारा.

खासगी वैमानिक परवान्याला वय १७ पूर्ण, दहावी पास, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तास उड्डाण लागतं. त्याची तयारी बांधकामासोबतच सुरू करा. आणि बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र आहे; शेतातून परस्पर उडवून बघायचा विचारही नको.